खांदा माझा, कागद त्यांचा

माझा खांदा तपासायला अकोल्याच्या डॉक्टरानं पाऊण तास घेतला, आणि त्या पाऊण तासात त्यानं माझ्या खांद्याला बोट लावलं नाही. डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही. हे सांगितलं की माझ्या नाती पोट धरून हसतात. हसा म्हणावं बायांनो. आता मीही हसते. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

जर्मनीची दुसरी लढाई चालू होती. आमच्या वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा आणि आमच्या घराचा सासूबाईंच्या तोंडून. मी अमरावतीची. चौथीपर्यंत शिकलेली, बापाची लाडकी. दिली बाळापूरजवळच्या खेड्यात, जुन्या वतनदाराच्या घरी. काळी जमीन भरपूर, ज्वारी-कापूस भरपूर, आणि पडदाही भरपूर. वतन नावापुरतं उरलं होतं, पण बायकांनी परक्या पुरुषासमोर यायचं नाही हा कायदा काही ढिला झाला नव्हता. सासरे वारलेले. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या स्वतः दाराआड उभ्या राहून सालदार गड्यांना असं झापायच्या की पार वेशीपर्यंत ऐकू जायचं, पण दाराबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. आवाजाला पडदा नव्हता.

त्या वर्षी दिवाळीला माहेरी गेले होते. परत येताना नाल्याच्या उतारावर आमच्या दमणीचं चाक गचकलं आणि गाडी कलंडली. मांडीवर तीन वर्षांची लेक होती. तिला पोटाशी धरलं आणि मी उजव्या खांद्यावर आदळले. लेकीला खरचटलंसुद्धा नाही. माझा हात मात्र गावच्या हाडवैद्यानं लेप लावून छातीशी बांधून टाकला. दोन महिने बांधलेला हात सोडला, तेव्हा तो जिथं बांधला होता तिथंच राहिला. हाड जुळलं होतं, पण खांदा गंजल्यासारखा झाला होता. हात छातीच्या वर जाईना. वेणी घालता येईना, लुगड्याचा काष्टा खोचता येईना, उतरंडीवरचं मडकं काढता येईना. भाकरी डाव्या हातानं थापायचे ती अशी वेडीवाकडी व्हायची की सालदारसुद्धा उलटसुलट करून बघायचे.

खांदा फार दुखतो, असं मी आत्याबाईंना दोन-तीनदा सांगितलं. त्यांनी महिनाभर पाहिलं आणि एक दिवस चुलीपुढं बसून सरळ बोलून मोकळ्या झाल्या.

"एका हाताची बाई काय कामाची? तू जाय अमरावतीले. आमी पोरासाठी दुसरी पाहून राहिलो."

"अन् लेक?"

"लेक आमच्या घरची हाये. ती इथंच राहते."

मला सवतीचं एवढं वाटलं नाही, खरं सांगते. सवती तेव्हा घरोघर होत्या. पण लेक इथं आणि मी अमरावतीला, हे ऐकलं आणि मी लेकीला ओढून मांडीवर घेतलं. मी यांच्याकडं पाहिलं. आमचे हे भाकरीचा तुकडा मोडत होते, तो मोडतच राहिले. चांगला माणूस. कधी हात उगारला नाही, कधी वाईट बोलले नाहीत. आईपुढं मात्र तोंडात मिठाची गुळणी.

माझ्या बापानं निरोप पाठवला. डॉक्टरानं लिहून द्यावं की पोरीचा हात आता उठणार नाही, मग मी काही बोलणार नाही, मुकाट घेऊन जाईन. तसा कागद नसेल तर न्यायाला पाच माणसं बसवीन. पाच माणसांना आत्याबाई भ्यायच्या. म्हणून आम्ही महाशिवरात्रीनंतर अकोल्याला निघालो. खांदा बरा करायला नाही, तो बरा होत नाही हे लिहून आणायला.

त्या डॉक्टराची ख्याती अशी की तो लढाईच्या दवाखान्यात होता, जखमी सोल्जरांचे हातपाय पुन्हा चालते करायचा. माणूस तिकडचा, पुण्याकडचा. चष्मा, स्वच्छ कोट, आणि बोलणं इतकं शुद्ध की आम्हाला उगाच आपण काही चूक केल्यासारखं वाटावं. आत्याबाई चेहऱ्यावर पदर ओढून आत शिरल्या, काखेत आमच्या बैठकीतली लाल सतरंजी. एक टोक औषधाच्या कपाटाच्या कडीला बांधलं, दुसरं खिडकीच्या गजाला. डॉक्टर बघत राहिला. सतरंजीच्या पलीकडं डॉक्टर आणि आमचे हे, अलीकडं आत्याबाई आणि मी.

"हे काय चाललंय?" डॉक्टरानं विचारलं.

"बाईमानूस हाये," आत्याबाई आतून म्हणाल्या. "पडदा लागते."

"अहो, पण मग मी तपासू कसा?"

आत्याबाईंनी याचा विचार घरूनच करून आणला होता. "हा पोरगा हाये न तुमच्यापुढं. याचा खांदा पाहा. तुमी याले जसं कराल तसं मी इकडे सुनेले करते. दुखलं का नाई ते आमी सांगतो."

"म्हणजे खांदा यांचा दुखतोय?"

"नाई. सुनेचा."

"मग मी यांचा का पाहू?"

"खांदा खांदाच असते न बाप्पा!"

पुण्याकडं याला उत्तर असेल, अकोल्यात नव्हतं. बाहेर लोक खोळंबले होते. त्यानं यांना म्हटलं, सदरा काढा आणि स्टुलावर बसा.

मग जे सुरू झालं, ते देवानं वरून पाहिलं असेल तर तोही हसला असेल. डॉक्टरानं आधी यांच्या मागं उभं राहून दोन्ही खांदे सारखे आहेत का ते पाहिलं. आत्याबाईंनी सतरंजीच्या फटीतून डोळा लावला, मग वळून माझ्या मागं येऊन तसंच डोळे बारीक करून पाहिलं. डॉक्टरानं यांची मान डावीकडं-उजवीकडं वळवली. आत्याबाईंनी माझी वळवली, तीही अशी की मानच हातात यावी. डॉक्टरानं गळ्याच्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत दाबत दाबत विचारलं, "इथं दुखतं?"

"नाई," हे म्हणाले.

आत्याबाईंनी तीच जागा हुडकून आपला अंगठा रुतवला. तो अंगठा चाळीस वर्षं कापसातली सरकी काढलेला. मी किंचाळले.

"हो म्हनते!" आत्याबाईंनी पलीकडं ओरडून सांगितलं.

"इथं?"

"हो, इथं दुखते," हे म्हणाले.

"नाई!" मी म्हटलं.

"एक काय ते सांगा! हो की नाही?" डॉक्टर वैतागला. त्याचा टाक कागदावर अधांतरी राहिला.

"तुमी तिचंच लिहा," आत्याबाई म्हणाल्या. "त्याचं काही नाई."

पण त्याचं काही होतं. डॉक्टरानं सांगितलं, आता हात बाजूनं वर न्या, आपल्या आपण, कानापर्यंत. आत्याबाईंनी फटीतून पाहिलं. मीही पाहिलं, माझं डोकं त्यांच्या हनुवटीखाली. यांचा उजवा हात खांद्याच्या पातळीपर्यंत गेला आणि तिथं अडकला. चेहरा आंबट झाला. हात वर जाण्याऐवजी खांदाच कानाकडं सरकला. डाव्या हाताला काही झालं नाही, तो सरळ छताकडं गेला. डॉक्टर खुर्ची सरकवून जवळ आला. इतका वेळ तो उपकार केल्यासारखा तपासत होता, आता त्याच्या आवाजात गोडी आली.

"थांबा. आता मी उचलतो. तुम्ही हात सैल सोडा. अगदी सैल."

त्यानं यांचा हात हळूच उचलला. हे ओरडले, "आई गं!"

"अरे, तू काहून ओरडून राहिला?" आत्याबाई इकडून. "तुले थोडी दुखते!"

"मले दुखून राहिलं वो माय!"

"नाटकं नको करू. तपासनं चालू हाये."

डॉक्टरानं मग यांचं कोपर कमरेला टेकवलं आणि हात दाराच्या फळीसारखा बाहेर वळवला. थोडा वळला, मग नाही. हात मानेमागं नेता येतो का पाहिलं. पाठीमागं नेऊन अंगठा कुठवर पोचतो ते पाहिलं. डाव्या हाताचा अंगठा पाठीच्या मध्यापर्यंत गेला, उजव्याचा कमरेच्या करगोट्याशीच थांबला. प्रत्येक वेळी हे ओरडत होते आणि प्रत्येक वेळी आत्याबाई मलाही तसंच पिळत होत्या आणि मीही ओरडत होते. बाहेरच्या बाकावरची दोन माणसं उठून गेली, आज नको म्हणाली.

डॉक्टरानं यांना विचारलं, "हे कधीपासून?"

हे खालच्या आवाजात बोलले. दोन वर्षं झाली. बैल बुजला, कासरा हाताला गुंडाळलेला होता, झटका बसला. कोणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मी सतरंजीआड हे ऐकलं आणि चकित झाले. दोन वर्षं मी त्याच माणसाशेजारी झोपत होते. मला वाटायचं, हे माझ्याकडं पाठ करून झोपतात.

डॉक्टरानं इलाज सांगितला. औषध म्हणाल तर थोडा शेक. बाकी सगळं हलवणं. वाकून हात लोंबता सोडायचा, हातात पाण्याचा तांब्या धरायचा, आणि झोका द्यायचा, पुढंमागं, गोल. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि बोटं एकेक करत भिंतीवर चढवायची, मुंगी चढते तशी. जिथं हात अडेल तिथं कोळशानं खूण करायची. उद्या त्या खुणेच्या एक बोट वर जायचं. एकच बोट, जास्त नाही. कळ येईल, येऊ द्यायची. "बांधून ठेवलात की गेलाच," तो म्हणाला. हे सगळं तो यांना सांगत होता. मी सतरंजीला कान लावून एकेक शब्द गिळून घेतला.

"अन् कागद द्या," आत्याबाई म्हणाल्या. "हात उठत नाई म्हनून."

डॉक्टरानं यांना नाव विचारलं. यांनी आपलं सांगितलं, आणखी कोणाचं सांगणार? तो स्पष्ट म्हणाला, "जो खांदा मी पाहिला त्याचाच कागद देईन." आत्याबाई तेव्हा सतरंजीची गाठ सोडत होत्या, ती कडीत आवळून बसली होती. त्यांचं लक्ष नव्हतं. माझं होतं. मी बोलले का? काहून बोलू? कागद इंग्रजीत होता, खाली शिक्का होता. आत्याबाईंनी तो देवाच्या प्रसादासारखा कपाळाला लावून पदरात बांधला, आणि दुसऱ्याच दिवशी अमरावतीला रवाना केला.

पंधरा दिवसांनी बापाचं पत्र आलं. घरात पत्र वाचायचं काम माझं. यांना वाचता यायचं, पण ओळ संपेपर्यंत ऐकणाऱ्याला डुलकी लागायची. आत्याबाई पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, वाच. मी वाचलं. "कागद शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला. जावईबापूंच्या उजव्या खांद्याची अवस्था कळली, फार वाईट वाटलं. तिळाच्या तेलानं शेक द्यावा. परंतु त्यांचा हात उठत नाही म्हणून माझ्या लेकीनं माहेरी का यावं, हे काही उमगलं नाही."

आत्याबाईंनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मी जरा सावकाशच वाचलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी हाक मारली, हे आले. "हात वर कर." यांनी केला. खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

"माय वो! माह्या लेकराचा हात गेला न!"

त्या दिवसापासून आमच्या घराचा दवाखाना झाला. सकाळी तेल, दुपारी शेक, संध्याकाळी आंबेहळदीचा लेप. आपल्या जुन्या मऊ लुगड्याची झोळी करून त्यात आत्याबाईंनी यांचा हात अडकवला. शेतात जाणं बंद, कासरा धरणं बंद, जेवताना घास त्या भरवायच्या. अडतीस वर्षांचा बाप्या माणूस तोंड उघडून बसायचा. मी एकदाच म्हटलं, "डाक्टरनं हात हलवाचं सांगतलं होतं." तर म्हणाल्या, "तुले त्याचा हात मोडाचा हाये का?" माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. यांचा खांदा गेला तर लुगड्याची झोळी, आणि माझा गेला तर अमरावतीची वाट? एका घरात दोन खांदे, आणि दोन न्याय.

मला वाटलं, आता तरी सवतीचं बोलणं थांबेल. छे! आत्याबाईंचं गणित निराळं होतं.

"आता तं दुसरी आनाच लागते. घरातले दोन खांदे गेले. एक तरी धड बाई पायजे का नाई?"

त्यांनी हिवरखेडचं स्थळ काढलं. मृगाचा पाऊस लागायच्या आधी उरकायचं ठरवलं. पाच माणसं बसली तर बसू देत म्हणाल्या.

मी कोठीच्या खोलीत जायला लागले. तिथं ज्वारीच्या कणग्या होत्या, दिवसा कोणी फिरकत नसे. कणग्यांमागच्या भिंतीकडं तोंड केलं आणि बोटं चढवली. पहिल्या दिवशी माझी खूण माझ्या छातीजवळ पडली. खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढं काजवे. पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. एक बोट वर. तांब्या घेऊन वाकायचे, झोका द्यायचे. कधी लेक मागून यायची आणि विचारायची, "माय, तू भिंतीवर चढून राहिली का?" मी म्हणायचे, हो गं बाई, चढून राहिली. कधी चार-चार दिवस खूण जागची हलायची नाही. तेव्हा मी त्या भिंतीला शिव्या दिल्या, डॉक्टराला दिल्या, हाडवैद्याला तर सगळ्यात जास्त. आणि रडले. रडताना मात्र हात खाली घेतला नाही, कारण खाली घेतला की पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागायचा. हनुवटी, मग नाक, मग कपाळ, मग डोक्याच्या वर. दोन महिन्यांत भिंतीवर कोळशाची शिडी झाली. मी कोणाला काही सांगितलं नाही. मला पक्कं करायचं होतं.

हिवरखेडचे पाहुणे आले तो दिवस. मुलीचा बाप आणि चुलता बैठकीत येऊन टेकले, पाणी झालं, आणि यांना बाहेर बोलावणं आलं. नवरदेव म्हणून जायचं तर फेटा पाहिजे. सालदार वावरात. आत्याबाईंना फेटा बांधता येत नव्हता. यांचा हात झोळीत राहून राहून आता छातीच्या वर येईना. हे झोळी उतरवून स्वयंपाकघरात आले, हातात फेट्याचं सोडलेलं कापड.

"बांधून दे थोडा," म्हणाले.

माझा विश्वास बसेना. माझ्यावर सवत आणायला निघालेला माणूस, आणि त्याचा फेटा मी बांधायचा! मी म्हटलं, "माह्या हात उठत नाई न."

यांनी मान खाली घातली. "मंग कसं करू?" एवढंच म्हणाले. इतका गरीब आवाज की मला आणखीच संताप आला.

"बसा," मी म्हटलं.

हे पाटावर बसले. मी मागं उभी राहिले, दोन्ही हात वर घेतले आणि फेटा बांधायला लागले. बापाचा फेटा लहानपणी मीच बांधायचे. एक वेढा, दुसरा, तिसरा. हे वर बघायला लागले.

"अवं, तुया हात..."

"मान सरळ ठेवा."

आत्याबाई दारात आल्या, उशीर का होतो बघायला. त्यांनी माझे दोन्ही हात यांच्या डोक्यावर पाहिले.

"हे कवा झालं?"

"तुमी त्याहिले शेकून राहिल्या होत्या तवा."

त्या माझ्या हाताकडं बघत राहिल्या, मग बैठकीकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "आता मी पाव्हन्याले काय सांगू?" बाईला तेवढीच अडचण दिसली!

काही सांगायची वेळच आली नाही. हे बाहेर गेले. मी दाराच्या फटीतून बघत होते. मुलीच्या बापानं उठून दोन्ही हात कपाळाला नेऊन रामराम केला. यांचा डावा हात कपाळाला गेला, उजवा छातीशी येऊन थांबला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिथंच. फेटा मात्र झकास बसला होता. पाहुण्यानं चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि दाराकडं तोंड करून म्हणाला, "बाई, आमाले सांगतलं का सुनेचा हात उठत नाई. इथं तं नवरदेवाचाच उठत नाई." चुलत्यानं जोडे शोधले. दोघं उन्हातच निघाले, जेवायलाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांच्या गळ्यातली झोळी काढली, मनगट धरलं आणि कोठीच्या खोलीत नेलं. कोळशाच्या खुणा पाहून यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "बोटं ठेवा." यांनी ठेवली. छातीजवळच हात अडला. मी कोपराखाली माझा हात घातला आणि एक बोट वर सरकवला. हे असे ओरडले की कणग्यांवरच्या चिमण्या उडाल्या.

आत्याबाई अंगणातून धावत आल्या. साठीची बाई, पदर घसरलेला, अनवाणी. "सोड वो त्याले! दुखून राहिलं न लेकराले!"

"मले बी असंच दुखत होतं, आत्याबाई."

त्या दारातच थांबल्या. मग भिंतीवरच्या खुणा बघितल्या, खालपासून वरपर्यंत, एकेक. आवाज खाली आला. "मंग सांगतलं काहून नाई तू?"

मी यांचं कोपर सोडलं नाही.

"सांगतलं होतं. तुमी कागद आनाले निंगाल्या."